इमारत मागे का पडते? : मोनोरेल कॅमेऱ्याची ओळख

गेल्या वर्षी आपल्या मॅगझिनच्या कव्हरसाठी मी मेन बिल्डिंगचा फोटो काढून दिला होता. मोबाईलच्या स्क्रीनवर तो मस्त दिसत होता. पण मोठी प्रिंट टेबलावर ठेवली तेव्हा सिव्हिलच्या सरांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "बिल्डिंग मागे पडतेय हो. कॉन्ट्रॅक्टर कोण होता?" सगळे हसले, मीपण हसले. कव्हरवर शेवटी दुसराच फोटो गेला.

रूमवर आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. बिल्डिंग सरळ आहे, मी सरळ उभी होते, मग फोटोत ती मागे का पडली? या एका प्रश्नामागे लागून मी जे काही शिकले ते या लेखात लिहिते आहे. आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. प्लेनला मराठीत 'प्रतल' म्हणतात हे मला माझ्या रूममेटने सांगितलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आहे आणि या लेखातलं अर्धं शुद्धलेखन तिचं आहे. उरलेल्या चुका माझ्या.

काकांनी एका वाक्यात सांगितलं

माझं गाव घाटंजी. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा तो फोटो गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांना दाखवला. काकांचा स्टुडिओ त्यांच्या वडिलांपासूनचा. आता तिथे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स एवढंच चालतं. काकांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "काऊन वं पोरी, बिल्डिंग कुठं पडली? तुया कॅमेरा पडला. तुनं त्याची मान वर केली, मंग ते सरळ कशी येईन?"

मग त्यांनी कपाटावरून एक लाकडी पेटी काढली. उघडल्यावर त्यातून पितळी पट्ट्यांचा, काळ्या भात्याचा मोठा कॅमेरा बाहेर आला. तो त्यांनी स्टँडवर लावला, समोरच्या दुकानाकडे तोंड केलं आणि मला काळ्या कापडात डोकं घालायला सांगितलं. मागच्या दुधी काचेवर दुकान उलटं दिसत होतं, पण वरचा मजला कापला जात होता. काकांनी कॅमेरा हलवलाच नाही. फक्त पुढची लेन्सची पाटी स्क्रू सैल करून वर सरकवली. काचेवर वरचा मजला हळूहळू आत आला, आणि भिंती ओळंब्यात राहिल्या!

भौतिकशास्त्र तेच, जे आपण बारावीत शिकलो. लेन्समधून येणाऱ्या चित्रात समोरची वस्तू किती लहान होणार हे तिच्या अंतरावर ठरतं. फिल्मचं प्रतल भिंतीला समांतर असेल तर भिंतीचा प्रत्येक भाग, खालचा असो की वरचा, एकाच प्रमाणात लहान होतो. म्हणून उभ्या रेषा समांतर राहतात. आपण कॅमेरा वर उचलला की फिल्म तिरकी होते. त्या तिरक्या प्रतलाच्या हिशोबाने वरचा मजला लांब जातो, लहान होतो, आणि दोन्ही भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. मोबाईलमध्ये फिल्मच्या जागी सेन्सर असतो, नियम तोच. सगळ्या लेखाचं सार एका ओळीत लिहून ठेवा: फिल्म ज्याला समांतर, ते फोटोत सरळ.

तुम्ही म्हणाल, हे तर मोबाईलचं सॉफ्टवेअरसुद्धा करतं. करतं, खरं आहे. पण ते फोटो काढून झाल्यावर वरचा भाग ताणतं. ताणलेल्या जागी नवीन तपशील येत नाही आणि कडा कापाव्या लागतात. रोजच्या कामाला ते पुरतं. पण काय चाललंय हे कळायचं असेल तर भात्याचा कॅमेरा हातात घ्यायलाच हवा.

भात्याचा कॅमेरा आपल्याकडे

काकांच्या कॅमेऱ्यावरच्या पट्टीवर 'वागीश्वरी' असं नाव होतं. हा कॅमेरा परदेशी नाही, केरळातल्या अलेप्पीचा. के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात तिथे हे सागवानी कॅमेरे बनवायला सुरुवात केली. त्यांच्या घरात वाद्यं दुरुस्त करण्याचं काम चालायचं. हार्मोनियमचा भाता ज्याला जमतो त्याला कॅमेऱ्याचा भाता जमायला वेळ लागत नाही. लाकूड, पितळ आणि भाता इथला, फक्त लेन्स बाहेरची. देशभर गावोगावच्या स्टुडिओंत ते पोचले. शाळेचे ग्रुप फोटो, लग्नाचे फोटो, आपल्या आजी-आजोबांचे भिंतीवरचे फोटो बहुतेक अशाच लाकडी कॅमेऱ्यांतून आलेले आहेत.

याच घराण्यातला दुसरा कॅमेरा छापखान्यात असायचा, प्रोसेस कॅमेरा. तो चक्क रुळांवर चालायचा. एका टोकाला चित्र लावायची पाटी, मध्ये लेन्स, दुसऱ्या टोकाला फिल्म. तिन्ही एकमेकांना अगदी समांतर ठेवायचे आणि पुढे-मागे सरकवून चित्र हवं तेवढं लहान-मोठं करायचं. वर्तमानपत्रातले फोटो, लग्नपत्रिका, नकाशे सगळं त्यातून जायचं. कॉम्प्युटर आल्यावर तो अडगळीत गेला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले त्याआधी याच जगात होते. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांनी गोध्ऱ्याला फोटोग्राफरचं काम केलं, पुढे छपाईच्या धंद्यात पडले आणि १९०९ साली रंगीत छपाईसाठी जर्मनीला गेले. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली. म्हणजे आपला सिनेमा सुरू करणारा माणूस आधी लेन्स, फिल्म आणि अंतर यांचा हिशोब हाताने शिकला होता.

मोनोरेल म्हणजे काय

काकांचा कॅमेरा घडी घालून पेटीत बसतो. असे कॅमेरे बाहेर न्यायला सोपे, पण त्यांच्या हालचाली मर्यादित. मोनोरेल मी पहिल्यांदा पाहिला तो उन्हाळ्यात ट्रेनिंगला पुण्याला गेले तेव्हा. कंपनीत मशीनचे फोटो काढायला एक ज्येष्ठ फोटोग्राफर आले होते. त्यांनी मला स्टुडिओत बोलावून त्यांचा जुना कॅमेरा एक पूर्ण दुपार हाताळू दिला. काकांनी दाखवलेली एक हालचाल इथे दहा झाली होती.

नावातच सगळं आहे. एकच रेल, म्हणजे धातूचा एक सरळ दांडा. त्यावर दोन चौकटी उभ्या असतात, त्यांना स्टँडर्ड म्हणतात. पुढच्या स्टँडर्डवर लेन्स, मागच्यावर दुधी काच आणि फिल्म. दोघांच्या मध्ये प्रकाश आत येऊ न देणारा भाता. रेल एका क्लॅम्पमध्ये धरून ट्रायपॉडवर बसवतात. बस, एवढाच कॅमेरा. बटण नाही, बॅटरी नाही, व्ह्यूफाइंडर नाही.

अमेरिकेत ग्राफलेक्सने १९४१ साली 'ग्राफिक व्ह्यू' नावाचा मोनोरेल आणला. पण ही रचना खरी नावारूपाला आणली ती स्वित्झर्लंडच्या कार्ल कोख यांनी. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांचा 'सिनार' आला. स्टुडिओ, इंडस्ट्री, नेचर, आर्किटेक्चर आणि रिप्रॉडक्शन यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव आलं. त्यातली मोठी कल्पना म्हणजे सुटे भाग. रेल लांब हवी, जोडा. भाता बदलायचा, काढा. मोठी फिल्म वापरायची, मागचं स्टँडर्ड बदला. आपल्याकडे मशीन डिझाइनमध्ये 'मॉड्युलर' म्हणतात ते हेच. जर्मनीचा लिनहॉफ, हॉलंडचा काम्बो, जपानचे टोयो आणि हॉर्समन या कंपन्यांनीही मोनोरेल बनवले.

फिल्म रोलमध्ये नसते, एकेक शीट असते. सर्वात जास्त चालणारं माप ४ × ५ इंच, त्यापुढे ५ × ७ आणि ८ × १०. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत हाफ प्लेट चालायची, म्हणजे पावणेपाच × साडेसहा इंच.

दहा हालचाली

मेकॅनिकलवाल्यांनी इथे लक्ष द्या. एका स्टँडर्डला किती डिग्रीज ऑफ फ्रीडम आहेत ते मोजूया.

१. फोकस: रेलवर पुढे-मागे सरकणं.
२. राइज आणि फॉल: सरळ वर आणि सरळ खाली सरकणं.
३. शिफ्ट: डावीकडे किंवा उजवीकडे सरकणं.
४. टिल्ट: आडव्या अक्षाभोवती पुढे किंवा मागे झुकणं.
५. स्विंग: उभ्या अक्षाभोवती दरवाजासारखं फिरणं.

एका स्टँडर्डला पाच, दोघांना मिळून दहा. सुट्या घन वस्तूला सहा असतात, मग सहावी कुठे गेली? सहावी म्हणजे लेन्सच्या स्वतःच्या अक्षाभोवती गोल फिरणं. लेन्स गोलच आहे, फिरवून चित्रात काही फरक पडणार नाही, म्हणून ती दिलेलीच नाही. मागच्या बाजूला मात्र चौकट ९० अंशात फिरवता येते. उभा फोटो की आडवा, तेवढ्यापुरतं.

आता या हालचालींचं काम कसं वाटलेलं आहे ते पाहा. पुण्याच्या त्या सरांनी मला एक वाक्य पाठ करायला लावलं: "मागची चौकट आकार ठरवते, पुढची फक्त फोकस ठरवते." म्हणजे लेन्स झुकवली तर बिल्डिंगचा आकार बदलत नाही, फक्त कोणतं प्रतल स्पष्ट दिसणार ते बदलतं. फिल्म झुकवली तर आकार आणि फोकस दोन्ही बदलतात. म्हणून आधी फिल्म वस्तूला समांतर करायची, त्यासाठी स्टँडर्डवर स्पिरिट लेव्हल असते. मगच लेन्सला हात लावायचा.

टिल्टचा अक्ष कुठे आहे हेही महत्त्वाचं. काही कॅमेऱ्यांत स्टँडर्ड पायापासून झुकतं. मग लेन्स झुकली की ती पुढेही जाते, आणि फोकस व चौकट दोन्ही पुन्हा लावावे लागतात. काहींत अक्ष लेन्सच्या मधून जातो, तिथे मधला फोकस जागेवर राहतो. महागड्या मॉडेलमध्ये या हालचाली गिअरने होतात. साध्यात हाताने सरकवायचं आणि स्क्रू आवळायचा. आवळताना स्टँडर्ड हलतं, हे मी अनुभवाने सांगते.

हालचालींना एक मर्यादा आहे, ती लेन्सची. लेन्स चौकोनी नाही, गोल चित्र पाडते. त्याला इमेज सर्कल म्हणतात. ४ × ५ फिल्मचा कर्ण साधारण १५४ मिमी भरतो. १५० मिमीची चांगली आधुनिक लेन्स सुमारे २१० मिमीचं वर्तुळ देते. मधली जी जागा शिल्लक राहते तेवढीच आपली सरकायची मुभा. त्यापुढे गेलात की फोटोचे कोपरे काळे.

कापसाचं शेत आणि शाइमफ्लुगचा नियम

यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरीने उदाहरण कापसाचंच द्यायला हवं. समजा तुम्ही बांधावर उभे आहात. पायाजवळच्या पहिल्या झाडापासून ते पार टोकाच्या ओळीपर्यंत सगळी जमीन स्पष्ट हवी आहे. साध्या कॅमेऱ्यात फोकसचं प्रतल फिल्मला समांतर, म्हणजे भिंतीसारखं उभं असतं. जवळचं धरलं तर लांबचं जातं. मोनोरेलमध्ये आपण हे प्रतल आडवं पाडू शकतो, जमिनीवर अंथरू शकतो!

हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते थिओडोर शाइमफ्लुग ऑस्ट्रियाच्या सैन्यात कॅप्टन होते. आकाशातून तिरके काढलेले फोटो सरळ करून नकाशे बनवायचा त्यांचा उद्योग होता. १९०४ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतिए यांनीही ही गोष्ट मांडली होती. नियम असा: फिल्मचं प्रतल, लेन्सचं प्रतल आणि वस्तूचं प्रतल एकाच रेषेत भेटले की त्या वस्तूचं पूर्ण प्रतल फोकसमध्ये येतं.

गणित करून पाहू. लेन्स २१० मिमीची, जमिनीपासून १.५ मीटर उंच. फिल्म सरळ उभी. लेन्स किती पुढे झुकवायची? सूत्र सोपं आहे: झुकावाच्या कोनाचा साइन म्हणजे नाभीय अंतर भागिले लेन्सची उंची. २१० भागिले १५०० म्हणजे ०.१४, कोन सुमारे ८ अंश. पटत नसेल तर चित्र काढा. फिल्म लेन्सच्या साधारण २१ सेमी मागे आहे. ८ अंश झुकलेलं लेन्सचं प्रतल १.५ मीटर खाली जाता जाता बरोबर २१ सेमी मागे येतं, आणि जमिनीवर फिल्मच्या प्रतलाला भेटतं. तीन प्रतलं, एक रेषा. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगमध्ये प्रोजेक्शन ऑफ प्लेन्स कशासाठी शिकवतात असं मी तेव्हा विचारायचे. आता विचारत नाही.

एक सूचना: शेतात उंच झाड असेल तर त्याचा शेंडा या आडव्या प्रतलाच्या बाहेर जातो आणि धूसर होतो. टिल्ट जादू नाही, फक्त प्रतल हलवतो.

दुसरं गणित जवळच्या फोटोचं. कापसाचं एक बोंड खऱ्या आकाराएवढंच फिल्मवर हवं असेल तर भाता नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे ४२० मिमी ताणावा लागतो. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणून एक्स्पोजर चौपट द्यायचं. हे विसरलात तर निगेटिव्ह जवळजवळ कोरी येते.

सोबतचं सामान

दुधी काच: चित्र हिच्यावर पाहायचं. ते उलटं आणि कडेला अंधूक दिसतं. मागे फ्रेनेल लेन्सची पातळ पट्टी लावली की कडा उजळतात.

काळं कापड: याशिवाय दिवसा काही दिसत नाही. आतून काळं, बाहेरून पांढरं असेल तर उन्हात डोकं शिजत नाही.

भिंग: घड्याळजीचं चालतं. फोकस डोळ्याच्या अंदाजाने लावू नका, भिंगाने काच तपासा.

फिल्म होल्डर: दोन्ही बाजूंना एकेक शीट, वर सरकती झाकणं. शीट पूर्ण अंधारात भरायची. काही जण बाह्यांच्या काळ्या पिशवीत हात घालून भरतात.

लेन्स बोर्ड: प्रत्येक लेन्स स्वतःच्या पाटीवर बसवलेली असते. पाटी बदलली की लेन्स बदलली.

बॅग भाता: वाइड लेन्स फिल्मच्या अगदी जवळ येते. तेव्हा घड्यांचा भाता दाबून ताठ होतो आणि काही हलू देत नाही. त्याऐवजी मऊ पिशवीसारखा भाता लावतात.

एक्स्टेंशन रेल आणि लांब भाता: जवळच्या फोटोसाठी.

हूड: हाही छोटा भाताच असतो, लेन्सच्या पुढे लावायचा. फोटोत न येणारा प्रकाश अडवतो.

केबल रिलीज: बोट न लावता शटर उघडायला.

लाइट मीटर: हल्ली मोबाईलचं अ‍ॅपसुद्धा चालतं.

पूर्वी स्टुडिओत एक पोलरॉइडचा बॅकही असायचा. खरी फिल्म वापरण्याआधी एक झटपट फोटो काढून सगळं तपासायचं. पोलरॉइडने २००८ साली ती फिल्म बंद केली. आता लोक मोबाईलने काचेचाच फोटो काढून पाहतात.

आमचा मोनोरेल

परवडणारा नव्हताच, म्हणून मिनी प्रोजेक्टला आम्ही चौघांनी मोनोरेल बनवायचं ठरवलं. रेल म्हणजे ६०० मिमी लांब, २५ मिमीचा चौकोनी अ‍ॅल्युमिनियम पाइप. त्यावर सरकणारे नायलॉनचे ब्लॉक मिलिंग मशीनवर काढले. चौकटी १२ मिमी प्लायवुडच्या, खाचा आणि विंग नट लावलेल्या. लेन्स काकांनी दिली, सुमारे २१० मिमीची जुनी पितळी. तिला शटर नाही. टोपी काढायची, मोजायचं, टोपी लावायची.

भाता आमच्याने होईना. काळा चार्ट पेपर आणि रेक्झिन चिकटवून तीन भाते केले, तिन्ही कोपऱ्यात फाटले. काकांना फोन केला तर म्हणाले, "पेटीवाल्याकडं जा ना." यवतमाळच्या एका हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या काकांनी अर्ध्या तासात घड्या कशा आखायच्या ते शिकवलं आणि पैसे घेतले नाहीत. अलेप्पीची गोष्ट मला तेव्हा खरी कळली.

दुधी काच खिडकीच्या ३ मिमी काचेपासून केली. ऑटोमोबाईल लॅबमधली व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून दुसऱ्या काचेने घासत बसायचं. पहिली टेस्ट एफ/८ ला घेतली आणि फोटो पार धूसर आला, जरी काचेवर सगळं स्पष्ट होतं. दोन दिवस आम्ही लेन्सला दोष देत होतो. मग कळलं, काच उलटी बसवली होती. घासलेली बाजू लेन्सकडे हवी आणि ती बरोबर फिल्मच्या जागी हवी. आमची बाहेर होती. ३ मिमी काच, अपवर्तनांक दीड, म्हणजे फोकस २ मिमी चुकला. एफ/८ ला त्याचा डाग २ भागिले ८, पाव मिमीचा. उत्तर आपल्याच पुस्तकात होतं!

फिल्मच्या शीट महाग, म्हणून एक्स-रे फिल्म वापरली. ८ × १० इंचाच्या एका शीटमधून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात. हिरव्या प्रकाशाची एक्स-रे फिल्म लाल रंग पाहत नाही, त्यामुळे लाल दिव्यात कापता आणि धुता येते. तोटा असा की दोन्ही बाजूंना लेप असतो, नख लागलं की ओरखडा.

चिमणी

आता हा कॅमेरा घाईघाईने का पूर्ण केला ते सांगते. घाटंजीत एक जुनं जिनिंग आहे, कधीचं बंद पडलेलं. माझे आबा तिथे रेच्यावर कामाला होते. रुई एकीकडे, सरकी एकीकडे, आणि घरी आले की केसांत कापूस, असं आजी सांगायची. त्याची विटांची चिमणी गावात शिरताना सगळ्यात आधी दिसायची. डिसेंबरमध्ये बाबांनी फोनवर सांगितलं की जागा विकली, संक्रांतीनंतर चिमणी पाडणार.

तिचा आमच्याकडे एकही धड फोटो नव्हता. मोबाईलवर होते, पण सगळ्यांत ती मागे पडत होती.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही कॅमेरा घेऊन गेलो. सिव्हिलच्या मित्राने आदल्या दिवशी थिओडोलाइट लावून उंची काढून दिली होती, २५ मीटर. कॅमेरा ६० मीटरवर, लेन्स जमिनीपासून दीड मीटर. म्हणजे चिमणीचं टोक लेन्सच्या वर २३.५ मीटर. २१० गुणिले २३.५ भागिले ६०, काचेवर ते ८२ मिमी सरकणार. उभी हाफ प्लेट मधून दोन्हीकडे ८२ मिमीच, म्हणजे टोक अगदी कडेवर. आम्ही लेन्स २५ मिमी वर घेतली, टोकाच्या वर आभाळ आलं. फिल्म लेव्हलवर, ओळंब्यात.

सकाळी सूर्य उगवायच्या जरा आधी मीटरने एफ/४५ ला २ सेकंद दाखवले. फिल्म लालला आंधळी, म्हणून काका म्हणाले ४ दे. चार शीट होत्या. पहिल्या वेळी मी होल्डरचं झाकणच काढलं नाही. दुसऱ्या वेळी टोपी लावताना लेन्सला धक्का बसला. तिसऱ्या वेळी काका मोठ्याने चार आकडे मोजत होते आणि बाकी कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. चौथी शीट आबांसाठी. त्यांना कॅमेऱ्यापासून सहा मीटरवर उभं केलं, मागे चिमणी. "आबा, हलू नका" सांगितलं, पण तिसऱ्या सेकंदाला ते मागे वळून चिमणीकडे पाहायला लागले. त्या फोटोत आबांची चप्पल, धोतर, काठी सगळं शार्प आहे. फक्त चेहरा पुसला गेला आहे.

तिसरी निगेटिव्ह चांगली आली. वरचे दोन कोपरे थोडे काळवंडले, इमेज सर्कलची मर्यादा. पण चिमणी सरळ आहे. कागदावर नुसती ठेवून प्रिंट काढली, मोठी केली नाही. आबांनी घड्याळजीचं भिंग घेतलं, खालपासून लोखंडी कडी मोजली आणि एका कड्याखाली बोट ठेवलं. "हे पाय, इजेची भेग." वीज पडून तिथे दोन बोटं रुंद भेग पडली होती, ते कामावर असताना. मी नंतर हिशोब केला. ३५ मिमीची भेग ६० मीटरवरून फिल्मवर ०.१२ मिमी होते. एफ/४५ ला प्रकाश पसरून जो डाग पडतो तो याच्या निम्मा. म्हणजे भेग दिसायलाच हवी, आणि दिसली. मी स्वतः त्या चिमणीखालून शाळेच्या बसने रोज जायचे, मला ती कधी दिसली नव्हती.

चिमणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाडली. मी तेव्हा इथे होते, सबमिशन चालू होतं.

करून पाहायचं असेल तर

क्रम नीट पाळा, कारण इथे डिलीट नाही:

१. ट्रायपॉड घट्ट करा, सगळ्या हालचाली शून्यावर आणा.
२. लेन्स पूर्ण उघडी ठेवून काचेवर चौकट ठरवा.
३. मागची चौकट लेव्हल करा, वस्तूला समांतर करा.
४. वर-खाली, बाजूला सरकवायचं ते लेन्सने सरकवा.
५. गरज असेल तरच टिल्ट किंवा स्विंग द्या.
६. भिंगाने मध्ये आणि चारही कोपऱ्यांत फोकस तपासा.
७. छिद्र लहान करा, सगळे स्क्रू आवळा, पुन्हा एकदा पाहा.
८. शटर बंद करा किंवा टोपी लावा, मगच होल्डर घाला.
९. झाकण काढा! आम्ही विसरलो, तुम्ही विसरू नका.
१०. एक्स्पोजर द्या, झाकण परत घाला.

आमचा कॅमेरा वर्कशॉपमध्ये फिटिंग सेक्शनच्या कपाटात ठेवला आहे. सरांची परवानगी घेतली की किल्ली मिळते. सहा-सात एक्स-रे शीट उरल्या आहेत. तुमच्या गावात एखादी जुनी वेस, वाडा, पाण्याची टाकी, जिन असेल आणि ती पाडायची चर्चा चालू असेल तर मला येऊन सांगा, बरोबर जाऊ. उंची आधी मोजून आणा. काळं कापड तुमचं.